चार बोटांची पायरी

आंबागडच्या किल्ल्याची मोडकी पायवाट गावकरी दर रविवारी श्रमदानानं नीट करत होते. दगडकामातला जाणता म्हातारा टिकाराम प्रत्येक पायरी चारच बोटं उंच बसवायला सांगायचा, त्यामुळे दगड दुप्पट लागायचे. "काका, येवढी बुटकी पायरी कायले?" पोरं कुरकुरायची. तो नुसता हसायचा. वाट पूर्ण झाली त्या सकाळी सारं गाव किल्ल्यावर जमलं, तेव्हा तो बायकोला, कलाबाईला घेऊन आला. एकेकाळी उन्हाळ्यात विड्यांसाठी तेंदूपत्ता तोडायला रोज इथं चढणारी ती गुडघ्यांमुळे बारा वर्षांत वर गेली नव्हती. थांबत, टेकत ती किल्ल्यावर पोचली. खालचं रान तिनं डोळे भरून पाहिलं, मग वळून पायऱ्या न्याहाळल्या. "माह्या गुडघ्यांसाठी गावाले येवढे दगड वाहाले लावले तुमी?" टिकाराम ओशाळला. "चढता आलं ना तुले?" "आलं. पण आता उतरू कशी?" आणि चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच सगळ्यांसमोर तिनं त्याचा हात धरला.