तिप्पट

सुनावणीच्या मंडपात टेबलावर दोन नकाशे शेजारी शेजारी अंथरले होते. एक गावाचा, एक खाणीचा. दोन्ही कागद सारखेच मोठे.

"हे एवढं मोठं तुमचं गाव," कंपनीचा माणूस बोट फिरवत म्हणाला, "आणि तलावाला लागून ही एवढीशी खाण. एकाही घराला धक्का नाही."

लोकांनी माना हलवल्या. ग्रामसभेचे अध्यक्ष हरिदासभाऊ संमतीच्या कागदावर सही करायला वाकले.

"थांबा भाऊ!"

पुनम पुढे आली. गावातल्या बायांचे ब्लाउज शिवणारी. गळ्यातली टेप काढून तिने गावाच्या नकाशावरचा तलाव मोजला. मग खाणीच्या नकाशावरचा.

"तलाव एकच हाय ना आपला? मंग इथी लांबी सहा इंच, रुंदी तीन. अन् तिथी दोन अन् एक. असं काऊन?"

"आकार तोच आहे, बाई," कंपनीचा माणूस म्हणाला.

"आकार तोच हाय. माप नाई." तिचा आवाज चढला. "मायचा ब्लाउज कागदावर लहान काढून पोरीच्या ब्लाउजच्या बाजूले ठेवता, अन् सांगता, पाहा किती बारीक हाय म्हणून?"

सुनावणी घेणारे सरकारी साहेब म्हणाले, "दोन्ही नकाशांचं प्रमाण खाली लिहिलेलं आहे."

"इंग्रजीत. मुंगीएवढं."

तिने खाण मोजली. लांबी बारा, रुंदी आठ. "तलाव तिप्पट, त खाण बी तिप्पट. छत्तीस अन् चोवीस." पिशवीतला शिवणाचा निळा खडू काढून ती गावाच्या नकाशावर तलावाच्या काठापासून रेघ ओढू लागली. रेघ सरळ होती.

रेघ धानाच्या बांध्यांवरून गेली. मसणवटीवरून गेली. शाळेवरून गेली.

"हे तं माह्यं घर हाय," हरिदासभाऊ म्हणाले. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन कंपनीच्या माणसासमोर ठेवला.

"हे असं चालणार नाही," साहेब म्हणाले. "नकाशा सरकारी आहे. खराब करू नका."

"नकाशा खराब होते म्हणता. अन् गाव?"

मंडपात मागे बसलेले लोक उठून टेबलाभोवती आले. कागद संपला, तरी पुनमचा खडू थांबला नाही. कागदावरून उतरून तो टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर आला आणि साहेबांच्या कोपरापाशी येऊन टेकला.

"कोपर उचला, साहेब," ती म्हणाली. "खाण अजून संपली नाई."