मनाई हुकूम

ती बाई टेबलासमोर येऊन उभी राहिली, तेव्हा खलफने आधी तिच्या पिशवीकडे पाहिलं. वकिलांची माणसं पिशवीत मोबाइल उभा ठेवतात, सगळं टिपून घेतात. शेजारच्या टेबलावरच्या जमीलला मागच्या आठवड्यात सोमवारी असंच पकडलं होतं. करक शहरातल्या कोर्टाबाहेर दोघं एकवीस वर्षं लोकांचे अर्ज लिहीत आले होते. मग वकील संघ कोर्टात गेला आणि मनाई हुकूम निघाला. सनद नसलेल्याने कुणाचा अर्ज लिहायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. मोडला तर तुरुंग. जमील अजून आतच होता.

"मी आता फक्त खुशालीची पत्रं लिहितो," खलफ म्हणाला.

"हाजी, माझी जूद चार वर्षांची आहे. काल बाप फिरायला म्हणून घेऊन गेला. आज कळलं, पहाटेच्या विमानाने तिला शारजाला नेतोय, कायमची. तिला देशाबाहेर जाऊ देऊ नका, असा अर्ज आत्ताच द्यायला हवा. दोनला खिडकी बंद होते. उद्या शुक्रवार, मग शनिवार, दोन्ही दिवस सुट्टी."

"समोर एवढे वकील बसलेत."

"तिघांकडे जाऊन आले. रविवारी या म्हणाले."

तिने नखं कुरतडून बोटं रक्ताळून घेतली होती. असं सोंग कुणी आणत नसतं. की आणतं?

पलीकडे चहाच्या गाड्यापाशी करड्या कोटातला तरुण वकील उभा होता. हुकूम निघाल्यापासून संघाने त्याला पाळतीवर ठेवलं होतं. तो इकडेच बघत होता.

खलफला जा म्हणायचं होतं, तोंडून निघालं वेगळंच.

"लिहिता येतं का?"

"चौथीपर्यंत शिकलेय."

"मग तो कागद घे आणि पायरीवर बस. माझ्याकडे बघू नकोस."

त्याने खुर्ची भिंतीकडे फिरवली. "मी कुणाला काही सांगत नाहीये," तो भिंतीला म्हणाला. "म्हातारा माणूस, एकटाच बडबडतो. माननीय न्यायाधीश महाशय. मी अमक्याची मुलगी अमकी. माझी लेक जूद कोर्टाच्या निकालाने माझ्या ताब्यात आहे..."

"सावकाश, हाजी!"

"गप्प. कोण हाजी?"

एकेक वाक्य तो गिळायला बघायचा, पण ते बाहेर पडायचंच. शेवटच्या विनंतीपर्यंत आला आणि मागे बुटांचा आवाज थांबला. खलफ तिथेच अडखळला. मान वळवायचं धाडस झालं नाही.

वकिलाने बाईच्या हातातला कागद घेतला. वाचला.

"तारीख राहिली," तो म्हणाला. "आणि विमान किती वाजताचं ते वर लिहा, ठळक. पळा आता."

ती घाईघाईने लिहून पळाली. वकिलाने खिशातून वही काढली. मर्वानचा बाप म्हणून खलफला सगळे अबू मर्वान म्हणत.

"अबू मर्वान, मला नोंद करावीच लागेल. पूर्ण नाव सांगा."

"जमीलला किती दिवस झाले आत?"

"दहा."

खलफने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"सांगतो. दोन वाजू द्या."

वकिलाने घड्याळ पाहिलं. पेन उघडंच ठेवून तो तिथेच उभा राहिला. दोघंही कोर्टाच्या दाराकडे बघत होते. दोनला शिपायाने दाराचं एक कवाड ओढलं. मग दुसऱ्याला हात घातला.

त्या फटीतून ती आडवी होऊन बाहेर आली. शिक्क्याची जांभळी शाई तिच्या अंगठ्याला लागली होती.

"झालं, हाजी!" ती तिथूनच ओरडली. "विमानतळावर फोन करतायत!"

खलफने घसा खाकरला.

"हं, लिहा," तो वकिलाला म्हणाला. आणि स्वतःचं, बापाचं, आजोबांचं नाव सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगू लागला.