शबनमची जुनी चूक

'ही व्यक्ती शबनम मुजावर नाही.' पडद्यावर दुसऱ्यांदा लाल अक्षरं उमटली. आणखी एकदा ओळख पटली नाही, तर परीक्षा बंद आणि वर्ष वाया.

"मॅडम, मीच आहे हो!" शबनमचा आवाज चिरकला.

इंगवले मॅडमना ते सांगायची गरज नव्हती. पण चेहरा आणि आवाज कुणाचाही बनवता येऊ लागल्यापासून विद्यापीठ विद्यार्थ्याला त्याच्या विचार करण्याच्या पद्धतीवरून ओळखत असे. शबनमच्या विचारांचा नमुना प्रवेशाच्या वेळी घेतलेला. त्यानंतर वर्षभर मॅडमनी तिला वर्ग सुटल्यावरही थांबवून शिकवलं होतं.

"माझी बघ, पहिल्या फटक्यात पटली," शेजारून रितेश म्हणाला. "वर्षभर डोक्याला धक्काच लावला नाही ना!"

"गप रे!" मॅडम म्हणाल्या.

ओळखीचा शेवटचा प्रश्न आला. वर फेकलेला चेंडू टोकाला क्षणभर थांबतो, तेव्हा त्याच्यावर पृथ्वीची ओढ किती असते?

मॅडम वाकून कुजबुजल्या, "शून्य लिही."

"पण ओढ तर तेवढीच असते! तुम्हीच तर ते माझ्या डोक्यातून काढलंत."

"प्रवेशाच्या वेळी तू शून्यच लिहिलं होतंस. लिही गं, बाई."

शबनमने ओठ आवळून टाइप केलं, 'शून्य. चेंडू थांबला म्हणजे ओढ संपली.'

पडदा हिरवा झाला. 'स्वागत आहे, शबनम. ओळख-तपासणी पेपर संपेपर्यंत चालू राहील.' खाली पेपरचा पहिला प्रश्न उमटला.

शबनमने तो वाचला आणि मान वर केली.

"मॅडम, आता बरोबर उत्तर देऊ, की माझं?"