यादीत नसलेलं नाव

अनघाच्या आठवणी सांभाळणारं डोक्यातलं यंत्र अजून सोळा वर्षांपूर्वीच्या प्रणालीवर चालत होतं. ती कधीही बंद पडली असती. नवी टाकायची का, हे आजच ठरवायचं होतं.

"नव्या प्रणालीत नाव असलेलीच माणसं जातात," तंत्रज्ञ गौतमी हेरंबरावांना म्हणाली. "मुलं आहेत, दूधवालासुद्धा आहे. काका, तुमचं नाव मात्र कुठेच नाही."

हेरंबरावांना नवल वाटलं नाही. बायकोनं त्यांचं नाव एकदाच घेतलं होतं, लग्नातल्या उखाण्यात, यंत्र बसायच्या कितीतरी आधी. पुढचा सगळा संसार 'अहो'वरच झाला.

"मी सांगतो की नाव!"

"काकूंनी स्वतः उच्चारायला हवं."

अनघानं ठामपणे नकारार्थी मान हलवली. "नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं. जुनंच राहू दे."

"अगं, ते बंद पडलं की मलाही विसरशील."

"पण तुम्ही असाल ना."

"नुसता असून काय करू?" हेरंबराव म्हणाले.

 अनघानं डोळे मिटून "हेरंब" म्हटलं, आणि लगेच घाईघाईनं त्यांचं मनगट धरून नाडी चाचपून पाहिली.