काकांची लाल गाडी

या, मायबाप, जरा पुढं सरकून बसा. ओंजळभर गोष्ट आहे, सांगून टाकतो.

एका पुतण्यानं आंधळ्या काकांची जुनी स्पोर्ट्स कार घरच्या गॅरेजात रंगवायला काढली. काका रोज पत्रा घासून द्यायचे, तळव्यानं पुट्टी चाचपायचे आणि विचारायचे, "लाल पहिल्यासारखाच देतोयस ना रे?"

"अगदी तस्साच, काका," म्हणत पुतण्या पांढरा फवारायचा. त्यानं गाडी परस्पर विकली होती आणि घेणाऱ्याला पांढरीच हवी होती.

गाडी न्यायला तो माणूस आला, त्या सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून हजर. "एक चक्कर मारू या का रे?"

"रंग ओला आहे, काका. हात लागला तर डाग पडेल. संध्याकाळी नेतो ना!"

काकांचा हात तोवर बॉनेटवर टेकलाही होता. त्यांनी तो काढला आणि कोरडी बोटं हळूच मिटून घेतली.

"हो रे बाबा, ओलाच आहे," ते म्हणाले. "फाटकापाशी थांबलेत त्यांना तेवढं सांग, तिसरा गिअर जरा लाडानं टाकावा लागतो."

मायबाप, आज देवापुढं हात जोडाल तेव्हा त्या काकांची आठवण ठेवा. पुतण्याची नाही ठेवली तरी चालेल.