तेलाची पारख

पोशेरा गावच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरमधलं तेल बरंच खाली गेलं होतं. जव्हारहून आलेल्या इंजिनिअर रुचिराने वीज बंद करून बाटलीत नमुना काढला, पण हे मूळचं तेल की मध्ये कधी बदललेलं, तेच तिला कळेना. पत्र्याची पाटी गंजलेली, नोंद कुठेच नाही. चुकीचं तेल मिसळलं तर ट्रान्सफॉर्मर कामातून जायचा, आणि नमुना तपासायला पाठवला तर नागली दळायची गिरणी आठ दिवस बंद.

जमलेल्या बायकांतून फागीआजी पुढे आली. तिने बाटलीत बोट बुडवलं, वास घेतला, चिमटीत चोळून पाहिलं.

"ह्ये जुनं नाय, बाय. दोन वर्सांमागं बदललंय."

रुचिराने आधीच्या वायरमनला फोन लावला. "हो मॅडम, मीच बदललं होतं," तो म्हणाला, "दोन वर्षं झाली असतील."

रुचिराने आजीला हातच जोडले. "आजी, तुम्ही नुसत्या बोटाने कसं ओळखलंत?"

फागीआजी लाजून हसली.



"जुन्यानं गुडघं लगेच मोकळं व्हायचं गं. ह्ये बाटल्या बाटल्या चोळलं, तरी काय उतार नाय!"