खिशातली वायर

"काका, तुमच्या गिटारची वायर कुठेच कशी जोडलेली नाही?"

तेजस्वीने विचारलं आणि स्टेजखाली तिच्या मैत्रिणी, श्रेया आणि प्रिती, हसत एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. पैज चायनीज भेळेची होती. दोघी सकाळपासून मागे लागल्या होत्या, हिंमत असेल तर विचारून दाखव. हिंमतीचं म्हणाल तर दहावीत आल्यापासून तेजस्वीकडे ती लालबागच्या मिरचीसारखी पोत्याने होती.

प्रश्न मात्र खोटा नव्हता. वायरचं एक टोक गिटारमध्ये होतं. दुसरं शामकाकांच्या पॅन्टच्या खिशात.

शामकाकांनी खिशाकडे पाहिलं. चिडले नाहीत, लाजलेही नाहीत.

"जोडली तर दोनदा वाजेल, बाय," ते म्हणाले आणि पुन्हा मान खाली घालून तारा जुळवायला लागले. ज्या कुणालाच ऐकू येणार नव्हत्या, त्या तारा.

चाळीच्या सत्यनारायणाची पूजा होती आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. ऑर्केस्ट्रा म्हणजे हितेंद्र, त्याचा लॅपटॉप, एक ढोलकीवाला आणि शामकाका. गाण्यांचं संगीत आधीच रेकॉर्ड केलेलं. हितेंद्र बटण दाबायचा, ट्रॅक वाजायचा. ढोलकी तेवढी खरी. मग शामकाका कशाला? तर स्टेज भरलेलं दिसावं म्हणून. बॅनरवर गिटारवाला होता, पण तो इंटरनेटवरून उचललेला, गोरा, खांद्यापर्यंत केस असलेला. खाली कलाकारांची नावं होती. त्यांत शामकाकांचं नव्हतं.

तेजस्वीचे पप्पा मंडळाचे सेक्रेटरी. त्यांनी सकाळीच हितेंद्रला सुनावलं होतं, "नुसतं उभं राहायला माणूस कशाला रे? पुढच्या वर्षी लॅपटॉपच घेऊन ये." शामकाका तेव्हा शेजारीच आपली गिटार पुसत होते.

ट्रॅकवर पप्पांचा एवढा जीव, त्यालाही कारण होतं. गेल्या वर्षी दुसराच ऑर्केस्ट्रा होता, सगळे वाजवणारे समोर बसलेले. तेजस्वी दुसऱ्या अंतऱ्याला शब्द विसरली. वादक पुढे निघून गेले आणि ती माईक धरून तशीच उभी. त्यानंतर सहा महिने चाळीतली पोरं तिला 'दुसरा अंतरा' म्हणून हाक मारायची. जिन्यात, नळावर, अगदी दहीहंडीच्या माईकवरूनसुद्धा. यंदा पप्पांनी हितेंद्रकडून ट्रॅक महिनाभर आधीच मोबाईलवर मागवून घेतला. "ट्रॅक चुकत नाही," ते म्हणाले, "तू फक्त त्याच्या मागे मागे जा."

तेजस्वी गेली मागे मागे. गॅलरीत, कुकरच्या शिट्ट्यांत, शेजारच्या सिरियलच्या आवाजात, रोज. गाणं असं होतं की आधी गळा लागायचा आणि मग गिटार. ट्रॅकच्या अगदी सुरुवातीला, सगळं शांत असताना, कुणीतरी हळूच म्हणायचं, "हं... चला." रेकॉर्डिंगच्या वेळचं चुकून राहून गेलेलं. बाकीच्यांना ते ऐकूही यायचं नाही. तेजस्वी त्या "चला"वर श्वास घ्यायची आणि सुरू व्हायची. त्या आवाजाने एकदाही घाई केली नव्हती.

"तेजस्वी, ये माईकवर. एकदा बघून घेऊ," हितेंद्र लॅपटॉपमध्ये डोकं घालून म्हणाला.

ती माईकसमोर उभी राहिली. डोळे मिटले. माईक दोन्ही हातांनी धरला.

"हं... चला."

तिने श्वास घेतला आणि ती गायला लागली. पहिली ओळ सुरेख लागली. दुसरी तर त्याहून छान. मग स्टेजखालून हसण्याचा फवारा उडाला.

"अगं ए," हितेंद्र ओरडला, "मी ट्रॅक लावलाच नाही अजून!"

तेजस्वीने डोळे उघडले. पाठीमागून बारीकसा आवाज येत होता, मच्छर कानाशी घोंगावावा तसा. शामकाका वाजवत होते. जिथे गिटार यायची बरोबर तिथेच, तीच बोटं फिरत होती. वायर खिशात होती.

"काका, आत्ता 'चला' तुम्ही म्हणालात? ते तर ट्रॅकमधलं..."

"राहून गेलं ते." शामकाका पहिल्यांदाच ओशाळले. "काढून टाक म्हणून हितेंद्रला सांगितलं होतं मी."

"आणि ट्रॅकमधली गिटार?"

शामकाका पुन्हा तारा जुळवायला लागले. हितेंद्रच बोलला, मान वर न करता.

"सगळ्या ट्रॅकमध्ये त्यांचीच आहे. पण ट्रॅकला कुठे नाव असतं? चल, लावतो."

म्हणजे हा माणूस चाळीचाळींतून स्वतःच्याच रेकॉर्ड केलेल्या गिटारच्या मागे उभा राहून, आवाज न करता, तीच गिटार वाजवत होता. आणि ती महिनाभर त्याच्याच आवाजावर श्वास घेत होती.

तेजस्वीने स्टेजवरून उडी मारली. "भेळ नको का?" प्रिती ओरडली. तिने वळूनही पाहिलं नाही. मम्मी प्रसादाचा शिरा ढवळत होती, पप्पा खुर्च्यांच्या रांगा सरळ करत होते.

"मम्मी, पप्पा, ऐका. मी आज ट्रॅकवर गाणार नाही."

मम्मीचा हात पातेल्यातच थांबला. "अगो, आणि गेल्या वर्षासारखा झाला तर?"

"झालं तर झालं."

"वेड लागलंय काय?" पप्पा म्हणाले. "सगळी चाळ बसणार आहे समोर."

"म्हणूनच सांगतेय. शामकाकांची वायर जोडायची आणि माईकवरून त्यांचं नाव घ्यायचं." तेजस्वीने स्टेजकडे बोट दाखवलं. "नाहीतर मीही नुसते ओठ हलवीन, पप्पा. स्टेज भरलेलं दिसेल."